स्वामींची जागा

माझं माहेर गुलबर्ग्याच्या अंगाला, तिकडं सगळं कानडी चालतं, म्हणून माझं बोलणं तुम्हाला जरा वाकडं लागंल, बाई, समजून घ्या. माझं नाव निलव्वा. इथं सासरी कुणी निलाबाई म्हणतं, जास्ती करून आम्माच म्हणतात, कारण आमचं घर जंगमाचं, म्हणजे लिंगायतांच्या घरचं बारसं, लगीन, माती, सगळं आमच्या घरच्या माणसानं करायचं. मालक माझे वीरभद्र स्वामी. सारं गाव त्यांना स्वामी म्हणायचं, म्या बी स्वामीच म्हणायचे, तेवढंच नवऱ्याचं नाव घेतल्यागत व्हत न्हाय. माकणीपासून इकडं चालत आलं तर सकाळची न्याहारी करून निघालेलं माणूस जेवणाच्या वख्ताला पोचायचं, असं आमचं गाव आडबाजूला. लिंगायतांची घरं मूठभर. त्यात एक मोठं, मन्मथप्पा आडत्याचं, बाकीची सगळी आमच्यासारखी, आज हाय तर उद्याची काळजी.

आमच्यात जाळत न्हायत, बाई. तुम्हाला ठाऊक असंल, तरी सांगते. माणूस गेलं की त्याला न्हाऊ घालायचं, कपाळाला इभूत लावायची, मांडी घालून बसवायचं, जन्मभर गळ्यात बांधलेलं लिंग त्याच्या डाव्या हातावर ठेवायचं आन् तसंच बसलेलं न्यायचं आन् बसलेलंच मातीत ठेवायचं. खड्ड्यात आतल्या अंगाला कोनाडा करतात, देवघरात असतोय तसा, त्यात माणूस बसतंय. मग मीठ, इभूत, बेलाची पानं. आमी मेलं म्हणत न्हाय, लिंगैक्य झालं म्हणतो, म्हणजे शिवात मिळून गेलं. आन् त्या जागेला मसणवाटा म्हणत न्हाय, रुद्रभूमी म्हणतो. आमची रुद्रभूमी गावाच्या उगवतीला, उंचावर, निखळ मुरमाची. कुण्या काळी कुणा देशमुखानं दिली म्हणे, कारण तिथं कुसळाबिगर काय उगवत न्हवतं. दिली तवा त्याला वाटलं आसंल की वाईट जमीन देऊन मोकळा झालो, पर आमच्या कामाला तीच चांगली. मुरमात माणूस ताठ बसतंय. पानी थांबत न्हाय, माती खचत न्हाय. काळ्या जमिनीत तसं न्हाय, काळी उन्हाळ्यात फाटती आन् पावसाळ्यात गिळती.

म्या लगीन होऊन आले तवा माझी सासू मला पहिल्यांदा कुठं घेऊन गेली तर तिथं. मला कळंना, नव्या नवरीला असल्या जागी का नेतेत. सासू म्हणली, ये, आपल्या घरच्या माणसांना भेट. आन् एकेकाला दावत गेली, हे तुझे आजेसासरे, ही त्यांची पहिली बायको, हा कुंभाराच्या विहिरीत पडलेला शिवय्या, ही बाळंतपणात गेलेली तेल्याची सून. दगडावर नावं न्हवती कुणाची. समाधी म्हणजे काय, दगडमातीचा लहान ओटा, वर चुना, एवढंच. नावं सासूच्या तोंडात व्हती, तिच्या तोंडून माझ्या तोंडात आली. मागच्या अंगाला एक बेलाचं झाड, त्याच्या बुडापाशी आमच्या घरच्यांची जागा, तिला स्वामींची जागाच म्हणायचे सगळे. तवापासून ते काम माझ्या अंगावर पडलं. दर अमुशाला झाडायचं, बोरीबाभळीची रोपं उपटायची, डुकरं उकरून जायची ते बुजवायचं, पावसाळा सरला की खचलेल्या ओट्याला माती टाकायची, शिवरातीच्या आदी चुना लावायचा. कुणी सांगितलेलं न्हवतं, कुणी इचारलं बी न्हाय. हात सुजायचे चुन्यानं. तरी काय सांगू तुम्हाला, त्या कामात माझं मन रमायचं. माहेरी जाणं वरीस दोन वरसातून एकदा, इथं बोलायला माणूस न्हाय, माझं कानडी ऐकून बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या ओट्यांपाशी बसून म्या कानडीत मोकळं बोलायचे. त्यातलं कुणी हसलं न्हाय.

मला एकच लेकरू जगलं, गौरा. जगलं म्हणजे थोडे दिवस. रझाकाराच्या धामधुमीत आमी तिला पोटाशी धरून बार्शीच्या बाजूला पळून गेलो, तिथं उघड्यावर राहिलो, तिथनं जित्ती परत आणली. निजाम गेला, सगळं निवांत झालं, लोक घरं शाकारायला लागले, आन् मग तिला देवी आल्या. पुढचे दात नुकतेच पडले व्हते तिचे, हसली की मोकळी खिडकी दिसायची. अंगभर फोड आले. गावानं आमच्या गल्लीत पाऊल टाकायचं बंद केलं. चौथ्या का पाचव्या दिशी गेली. तिला न्हाऊ घालायला बाया पायजेत, कोण येणार, सगळ्यांना लेकरं व्हती घरात. तवा मन्मथप्पाची आई आली, राजव्वा. तिला सगळे आक्का म्हणायचे. एवढ्या मोठ्या घरची बाई, पदर खोचून आली, म्हणली, निले, तू बाजूला हो, तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय. आन् तिनं माझ्या लेकराचं अंग आपल्या हातानं धुतलं, फोड फुटू नयेत म्हणून हळूहळू, जिवंत लेकराला धुवावं तसं. केस इंचरले. कपाळाला इभूत लावली. मग स्वामींनी तिला मांडी घालून बसवली. पंगतीला बसल्यागत बसली व्हती. पुढच्या अंगाला, वाटेच्या कडेला नवी जागा व्हती, तिथं तिला माती दिली. धोंडिबानं खड्डा खणला व्हता. धोंडिबा आमच्या जातीचा न्हवं, पर पिढ्यान् पिढ्या आमच्या मात्या त्याच्या घरच्यांनीच खणल्या. लहान खड्डा खणताना त्याचा बी हात चालत न्हवता.

पुढं राज्यांच्या वाटण्या झाल्या. माझं माहेर म्हैसुरात गेलं आन् सासर मुंबईत. म्या कुठं गेले न्हाय, चुलीपाशीच व्हते, मुलूखच दोन्हीकडं सरकला. बाप गेला तवा सांगावा आला तो सुतक फिटल्यावर. त्याची समाधी त्याच्या शेतात हाय, भावानं बांधली, म्या अजून बघितली न्हाय. तिकडं ज्याचं शेत हाय तो शेतातच मातीला जातो. रुद्रभूमी ही खरं तर शेत नसलेल्यांची, आमच्यासारख्यांची.

आन् मग सडक आली. लोहाऱ्यावरनं येणार, आमच्या गावावरनं जाणार, एसटी सुरू होणार, असं सगळे बोलायला लागले. आम्हाला बी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सडकेची पहिली आखणी झाली ती मन्मथप्पाच्या मळ्याच्या कडेनं. आमच्या पोरांनी लाल फडकी बांधलेल्या काठ्या बघितल्या व्हत्या तिथं, विहिरीच्या अंगाला. मग मोजणारे साहेब लोक मन्मथप्पाच्या वाड्यावर जेवायला गेले, पुरणपोळीचं जेवण झालं, आन् आठ पंधरा दिसांनी काठ्या निघाल्या न् रुद्रभूमीत रोवल्या गेल्या. कुणी कागद बघितला न्हाय, पर बघायची गरजच काय व्हती. काठ्या चालत गेल्या न्हाईत.

मठात बैठक बसली. सगळ्या लिंगायत घरांची बापय माणसं आली, आमी बाया मागं दाराआड. मन्मथप्पा बोलायला लागला. त्याचं बोलणं गोड, आवाज कधी चढवत न्हाय. म्हणला, बघा, सडक सगळ्या गावाची हाय. मळ्यातनं नेली तर वळण पडतंय, सरकारला खर्च येतोय, उद्या म्हणतील तुमच्या गावाला सडकच नको. आपली माणसं शिवात मिळून गेली, तिथं नुसती माती हाय, मातीवरनं सडक गेली म्हणून काय बिघडलं. मागची पट्टी राहतीयाच. आन् सरकार वड्याकाठी दुसरी जागा देणार हाय, हिच्यापेक्षा मोठी. सगळे माना हालवत व्हते. ह्याचं बियाणं मन्मथप्पाकडनं, त्याचा पोरगा मन्मथप्पाच्या आडतीवर कामाला, तिसऱ्याला सडकेच्या कडेला हाटेल टाकायचं. मग कुणीतरी म्हणलं, स्वामींनी सांगावं. स्वामी खाली मान घालून बसले व्हते. म्या दाराआडून म्हणले, वड्याकाठची जमीन काळी हाय, तिथं पावसाळ्यात गुडघाभर पानी असतंय, तिथं माणूस कसं बसवणार. सगळे वळून बघायला लागले. मन्मथप्पा म्हणला, आम्मा, तुमचं दुःख आमाला समजतंय. म्हणजे बघा, म्या जमिनीचं बोलले आन् त्यानं ते दुःखावर नेऊन ठेवलं. आन् स्वामी म्हणले, निले, आत जा.

घरी आल्यावर म्या इचारलं, तुमी का बोलला न्हाय. जेवताना इचारलं, भाकरी वाढता वाढता. ते म्हणले, ही भाकरी कुठनं येती ती बघ. मग म्हणले, निले, आपला धर्मच सांगतो, ऐक्य झालं म्हणजे झालं, तिथं गौरा न्हाय. म्या म्हणले, मग तुमी इतकी वरसं लोकांना बसवून बसवून माती का देता, आडवं टाकून मोकळं व्हायचं. मग म्या इतकी वरसं चुना कशाला लावला. वाईट माणूस न्हवते ते, बाई. कुणाच्या दारात मोठ्यानं बोलणं त्यांना जमलंच न्हाय कधी. जंगमाला झोळी घेऊन दारात उभं ऱ्हावं लागतंय, ज्याच्या दारात उभं ऱ्हायचं त्याच्याशी भांडायचं कसं, हे त्यांना त्यांच्या बापानं शिकवलं न्हवतं.

सडकेचं काम चालू झालं तवा म्या सकाळीच जाऊन गौराच्या ओट्यापाशी बसले. कामावरच्या बाया घमेली घेऊन उभ्या राहिल्या, कुणी माझ्या अंगावर यायला तयार न्हाय. मुकादम आला, सोलापूरकडचा मुसलमान माणूस, पिकलेल्या दाढीचा. मला वाटलं वरडंल. तो समोर उकिडवा बसला आन् म्हणला, माय, कोण हाय इथं. म्या म्हणले, माझी लेक. तो म्हणला, आमच्यात बी पुरतात, मला कळतंय. पर म्या न्हाय केलं तर दुसरा येऊन करंल. तुला उचलून न्यायचं आसंल तर ने, दुपारपर्यंत म्या काम तिकडच्या अंगाला चालवतो. परका माणूस तो, त्याला सुचलं. माझ्या जातीच्या एकाही माणसाला सुचलं न्हाय.

म्या धोंडिबाला बोलावून आणलं. तो म्हणला, आम्मा, भरलेला खड्डा म्या कधी उकरला न्हाय, पर तुमी म्हणताय तर उकरतो, तुमी तिकडं तोंड करून बसा. बसले. कुदळीचा आवाज ऐकत बसले. लई वेळ लागला न्हाय. त्यानं मला बघू दिलं न्हाय. जे सापडलं ते त्यानं धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गोळा केलं, इवलं गाठोडं झालं, आन् तिचं लिंग तेवढं वेगळं काढून माझ्या हातावर ठेवलं. सुपारीएवढं. मिठानं पांढरं पडलं व्हतं. आमी दोघं मागच्या पट्टीत गेलो, बेलाच्या बुडापाशी, स्वामींच्या जागेत, आन् तिथं तिला परत ठेवलं. मंतर म्हणायला जंगम पायजे, तर म्या म्हणलं मला येत व्हतं तेवढं. स्वामी आले न्हाईत असं म्हणणार न्हाय म्या. आले, पर सगळं झाल्यावर आले. बेलाची पानं घेऊन आले, ठेवली, आन् तिथंच बसले खाली. त्या दिवशी दुपारच्याला सडक पुढं सरकली. तेल्याची सून गेली, शिवय्या गेला, मन्मथप्पाचा सख्खा चुलता गेला. दुसरं कुणीच आपल्या माणसाला न्यायला आलं न्हाय. वर खडी पडली, रोलर फिरला.

मग एसटी चालू झाली. पहिल्या गाडीला नारळ फोडला, मन्मथप्पानं पेढे वाटले. वड्याकाठची जागा आमाला मिळाली, चार कोपऱ्यांना चार दगड रोवून दिले. लोक उन्हाळ्यात गेले तर तिथं ठीक व्हतं, पर माणूस काय ऋतू बघून जातंय व्हय. पावसाळ्यात कुणी गेलं की खड्डा खणेस्तोवर बुडाला पानी यायचं, कोनाडा ढासळायचा, मीठ तर टाकताक्षणी इरघळून जायचं. डब्यांनी पानी उपसायचे, वर फळ्या टाकायचे, कसंतरी उरकायचे. आन् ते झाडायला म्या अमुशाला जायचे तर पाय रुतायचे. मागच्या पट्टीत आमी कुणाला जागा देत न्हवतो, कारण तिथं मोजून दोन तीन माणसांपुरतीच मोकळी जागा उरली व्हती. मन्मथप्पाच्या बापाची समाधी तिथं, आमच्या घरची माणसं तिथं, बेल, आन् बेलाच्या बाजूला स्वामींची स्वतःची जागा. स्वामी म्हणायचे, मला गौराच्या शेजारी बसवा. तेवढंच त्यांनी मागितलं आयुष्यात.

श्रावणात आक्का गेली. राजव्वा. वड्याला पूर, नवी रुद्रभूमी पाण्याखाली. मन्मथप्पा आमच्या दारात आला, डोक्यावर टोपी न्हाय, पायात काय न्हाय. इतक्या वरसांत पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याला आला. रडत व्हता, बाई, खरंच रडत व्हता, आईवर त्याचा जीव व्हता. म्हणला, स्वामी, आक्का म्हणून गेली, मला मालकाच्या शेजारी ठेवा. बापाच्या शेजारची जागा म्हणजे स्वामींचीच जागा, गौराच्या लगतची. स्वामींनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं त्यांनी, बैठकीत बघायला पायजे व्हतं ते तवा बघितलं. म्हणले, निले, तू सांगशील तसं. आन् माझ्या डोळ्यापुढं दुसरं काय आलंच न्हाय, आक्काचे हात आले, फोड फुटू नयेत म्हणून हळूहळू पानी घालणारे. म्या म्हणले, आक्काला द्या. तिला पाण्यात नका ठेवू. मन्मथप्पा माझ्या पायाला हात लावायला वाकला. म्या पाय मागं घेतला, म्हणले, तुझ्यासाठी न्हाय, आक्कासाठी. म्या आन् स्वामींनी मिळून बसवलं तिला. चांगली बसली. मुरूम भर पावसात बी कोरडा व्हता खाली. अजून बी मला वाटतंय की ते म्या बरोबर केलं.

पर त्याच्या पुढचं ऐका. दिवाळी झाली आन् गवंडी आले. मन्मथप्पाला आईची समाधी बांधायची व्हती. बांधू दे म्हणलं, आईची कुणीबी बांधंल. तर त्यानं ओटा न्हाय बांधला, त्यानं बापाच्या समाधीपासनं बेलापर्यंत सगळीकडं शाबादी फरशी घातली, वर संगमरवराची पाटी लावली, आईबापाचं नाव कोरलं, आन् भोवती भिंत घातली, आन् भिंतीला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. म्या पळत गेले, गवंड्याला म्हणले, अरं, इथं माझी लेक हाय. तो म्हणला, इथं तर काय न्हवतं बाई, सपाट व्हतं. सपाट म्हणजे, म्या ओटा बांधलाच न्हवता दुसऱ्यांदा, नुसता एक दगड ठेवला व्हता. परत कुणी काठ्या रोवल्या तर दिसू नये म्हणून. तो दगड त्यानं भिंतीत घातला व्हता. मन्मथप्पाकडं गेले. आडतीवर गिऱ्हाइकं व्हती. हात जोडून उभा राहिला तो, म्हणला, आम्मा, तुमची गौरा काय आन् आमची आक्का काय, एकाच भिंतीच्या आत हायत आता, डुकरं शिरणार न्हाईत, गुरं चरणार न्हाईत, तुमचीच मेहनत वाचली. चावी तुमच्यासाठी कधी बी मोकळी हाय. गिऱ्हाइकं मान हालवत व्हती, किती चांगला माणूस म्हणून. तो खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. घरी आले तर स्वामी म्हणले, जाऊ दे निले. म्या म्हणले, गेलंच की सगळं, आता आणखी काय जाऊ देऊ.

स्वामी गेले ते बी पावसाळ्यातच, भादव्यात. छातीत कफ झाला, उमरग्याच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. शेवटी शुद्धीवर व्हते. माझा हात धरून म्हणले, निले, मला बसव. पानी आसलं तरी बसव.

म्या स्वतः गेले मन्मथप्पाकडं. मानपान बाजूला ठेवून गेले, कुंकू पुसायच्या आदी गेले. म्हणले, फाटक उघड, आत बेलाच्या कडेला जागा हाय, त्यांना गौरापाशी बसवू दे. जागा व्हती, बाई, एखादा बैल ऐसपैस बसंल एवढी व्हती. त्यानं डोळ्यात पानी आणलं. म्हणला, आम्मा, स्वामी माझ्या बापासारखे. पर फरशी फोडावी लागंल. आक्काच्या उशाला कुदळ कशी चालवू देऊ, तुमीच सांगा. म्या म्हणले, माझ्या लेकीच्या जागेवरनं रोलर चालला तवा तू पेढे वाटलेस. हे म्या मनात न्हाय म्हणले, तोंडानं म्हणले, त्याच्या ओसरीवर, दहा माणसांत. तो म्हणला, दुःखात माणूस काय बी बोलतंय, आम्माला पानी द्या. आन् मला पानी दिलं, काशाच्या तांब्यात.

माझ्या दिराचा पोरगा तवा लहान व्हता, म्हणून शेजारच्या गावाहून दुसरे जंगम आणले, एसटीनं आले, त्या सडकेवरनं. वड्याकाठी धोंडिबा आन् त्याचा भाऊ सकाळपासनं खणत व्हते. हातभर खणलं की पानी. डब्यानं उपसायचे, परत पानी. कोनाडा केला तर गाळासारखा खाली बसला. धोंडिबा म्हातारा झाला व्हता, कमरेएवढ्या चिखलात उभा, म्हणला, आम्मा, आणखी खोल गेलो तर काठ अंगावर येतोय. म्या म्हणले, बसवायचंच. दोनदा बसवलं त्यांना. दोन्ही बारीला कलंडले. बापय माणसं कंटाळली, पाऊस भुरभुर चालूच व्हता, कुणीतरी म्हणलं, आता अंधार व्हईल. शेवटी ते परगावचे जंगम म्हणले, माताजी, शिवाला सगळं सारखंच हाय. आन् आडवं ठेवलं त्यांना. ज्यानं ह्या गावच्या दोन पिढ्या ताठ बसवून शिवाकडं धाडल्या, त्या माणसाला चिखलात आडवं ठेवलं. लिंग हातावर ठेवलं तर हात पाण्यात गेला. म्या ते लिंग उचलून त्यांच्या छातीवर ठेवलं. मन्मथप्पा आला व्हता. त्यानं मिठाची पोती पाठवली व्हती, चांगलं जाड मीठ. सगळं पाण्यात गेलं.

आता म्या माझ्या दिराच्या पोरापाशी असते, जंगमपण तोच करतो, बरं बघतो मला. अमुशाला वड्याकाठी जाते. तिथं पुरानं ओटे टिकत न्हाईत, दर वरसाला अंदाजानंच माती टाकते, स्वामींची जागा तेवढी पक्की ठाऊक हाय, बाकीची आता माझी मलाच चुकायला लागलीत. मग मन्मथप्पाच्या घरनं चावी आणते आन् फाटक उघडून फरशी झाडते, धुते. लोक म्हणतात, आम्मा किती मोठ्या मनाची, आडत्याच्या आईची समाधी झाडती. म्हणू दे. आक्काची झाडताना हात दुखत न्हाय माझा, आन् फरशीच्या कुठल्या दगडाखाली कोण हाय ते मला ठाऊक. मन्मथप्पाला लकवा झालाय आता. परवा सांगावा धाडला व्हता, आम्मा, माझ्या वेळंला तुमी या, तुमच्या पोराला सांगून सगळं रीतीनं करा. तवा कळलं ती मोकळी जागा कुणासाठी ठेवली व्हती. करू की, म्हणलं. रीतीनंच करू. मुरमात बसंल तो, ताठ बसंल. फरशी फोडायला तवा कुणाची ना असणार न्हाय.

माझं म्हणाल तर म्या कुणाला काय सांगून ठेवलं न्हाय. उन्हाळ्यात गेले तर बरं, एवढंच म्हणते. शिवाला मागणं असतं तर तेवढंच हाय. दिराचा पोरगा म्हणतो, आम्मा, असं बोलू नका. तो अजून लहान हाय.

ऊन उतरलं बघा. तुमची परतीची गाडी यायची येळ झाली, आता उठा तुमी. एवढं लांब येऊन म्हातारीचं गाऱ्हाणं ऐकून घेतलंत, शिव तुमच्या लेकराबाळांना औक्ष देवो. गाडी हितं येत न्हाय, हाटेलाच्या पुढं, मन्मथप्पाच्या त्या भिंतीच्या कडेला थांबती, तिथं चार माणसं उभी दिसतील. तिथंच उभ्या ऱ्हा. पायातली चप्पल असू द्या, आता कुणी काढत न्हाय तिथं. आमी काढायचो.